टायटन अरम: सुरणाच्या सुमात्री भाऊबंदाची लागवड

टायटन अरम ही वनस्पती निसर्गात केवळ सुमात्रा बेटावरील वर्षावनांत आढळते आणि ती आपल्या सुरणाच्याच प्रजातीतली आहे. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ साली तिची नोंद केली, आणि त्यांनी धाडलेल्या बियांपासून वाढलेले एक रोप १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात फुलले. आज ही जाती धोक्यात असल्याने जंगलातून उपटलेला कंद स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलाच कंद घ्यावा, आणि तो परदेशातून येणार असेल तर आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांची आधी चौकशी करावी.

बहुतेकांना हवा असतो तो तिचा प्रचंड फुलोरा. तो बियांपासून साधारण सात ते दहा वर्षांनी येतो, जेमतेम दीड-दोन दिवस टिकतो आणि सडक्या मांसासारखा दरवळतो. तोवर दर हंगामात एकच पान येते, जे पूर्ण वाढलेल्या रोपात छोट्या झाडाएवढे उंच होते, आणि त्या पानाने केलेली सारी कमाई कंदात साठते. म्हणून लागवड करायची ती कंदासाठी.

मुठीएवढ्या कंदाला त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदीची कुंडी पुरते. डोळा वर ठेवून कंद त्याच्या उंचीइतक्या मातीखाली झाकावा, कारण मुळे बुडातून न फुटता वरच्या बाजूने, कोंबाभोवती फुटतात. पानांचे कुजलेले खत, कोकोपीट, पर्लाइट आणि झाडाच्या सालीचे तुकडे यांचे मिश्रण चालते. ओतलेले पाणी पृष्ठभागावर साचून न राहता लगेच खाली उतरले पाहिजे. नुसती काळी माती मात्र कटाक्षाने टाळावी.

तापमान २० अंशांखाली जाऊ नये, हवा दमट असावी आणि ऊन शेडनेटमधून गाळून यावे. कोकणपट्टीत हे सारे फारशा खटपटीशिवाय जमते. पुणे-नाशिककडच्या थंडीत कुंडी रात्री घरात घ्यावी लागते, तर विदर्भातल्या मे महिन्यात दाट सावली आणि दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा यांना पर्याय नाही. पान वाढत असताना माती ओलसर ठेवावी व दर पंधरवड्याला पातळ केलेले विद्राव्य खत द्यावे. पान पूर्ण उघडल्यावर पालाशाचे प्रमाण वाढवावे.

खरी कसोटी सुप्तावस्थेत लागते. सुरण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावला की हिवाळ्यात त्याची पाने वाळणार, हे आपण गृहीत धरतो. टायटन अरम मात्र पंचांग पाळत नाही: तिचे पान वर्षभर किंवा त्याहूनही अधिक टिकते आणि भर श्रावणातही पिवळे पडू शकते. पिवळेपणा दिसताच पाणी कमी करावे, देठ कोसळल्यावर ते थांबवावे आणि कुंडी पावसाच्या माऱ्यातून आडोशाला हलवावी. या काळात दयाबुद्धीने घातलेले पाणीच बहुतेक कंदांचा घात करते. देठ आपोआप सुटून आल्यावर कंद अलगद उकरून काढावा आणि सर्व बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहावा. जिथे बोट रुतते तो भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर लागेपर्यंत कापून, बुरशीनाशकाची भुकटी लावून, काही दिवस सावलीत सुकवावा. सूत्रकृमींच्या गाठी आणि पिठ्या ढेकूण यांचीही तपासणी याच वेळी उरकावी. रस सुरणासारखाच खाजरा असल्याने हातमोजे घालावेत. कंदाचे वजनही नोंदवून ठेवावे, कारण प्रगती मोजण्याचे दुसरे खात्रीचे साधन नाही. एडिंबराच्या उद्यानातला एक कंद दीडशे किलोंच्या पुढे गेला होता. नवा कोंब हलू लागला की थोड्या मोठ्या कुंडीत पुन्हा लावून पाणी हळूहळू सुरू करावे.

फुलोरा आलाच, तर पहिल्या रात्री त्यातली मादीफुले परागण स्वीकारतात आणि नरफुलांचे पराग दुसऱ्या दिवशी सुटतात, त्यामुळे स्वतःच्याच परागांनी सहसा फळे धरत नाहीत. दुसऱ्या रोपाचे पराग गोठवून ठेवलेले असल्यास पहिल्याच रात्री फुलोऱ्याच्या आवरणाला खिडकी कापून ते कुंचल्याने लावावेत. फळे लाल-केशरी होऊन पिकायला काही महिने लागतात. बियांवरचा गर धुऊन काढावा आणि त्या वाळू न देता लगेच उबदार, ओलसर मिश्रणात पेराव्यात.