तालांव भरण्याआधी कलम वाचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, मी चालवतो. घरची थोडी बागायत आहे, पण चूल पेटते ती लायसन्सवर. म्हणून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दोन दिवस आधी मोटरसायकलवर मला तालांव (वाहतूक पोलिसांचं दंडाचं चलन) मिळाला तेव्हा खिशात हात घालण्याआधी मी कागदावरचं कलम बघितलं. १८४ लिहिलं होतं. ते बघून मी तिथेच सांगितलं, मी पैसे भरत नाही, मला कोर्टात पाठवा.

सात महिने आणि चार तारखांनंतर मी सुटलो. तेव्हापासून आमच्या भागात कुणाला तालांव मिळाला की मला फोन येतो. प्रत्येकाला मी तेच सांगतो, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आपल्याकडे लोक तालांवावर फक्त रक्कम बघतात. पाचशे असले तर भरून मोकळे होतात, पाच हजार असले तर ओळखीचा माणूस शोधतात. रक्कम नंतर बघा. मोटर वाहन कायदा १९८८ चा, त्यातली दुरुस्ती २०१९ ची आणि गोव्यात वाढीव दंड लागू झाले २०२२ च्या एप्रिलपासून. कलम १७७ म्हणजे किरकोळ नियमभंग. पहिल्यांदा पाचशे, पुन्हा केलात तर दीड हजार, विषय तिथेच संपतो. लायसन्स नसताना चालवलं तर १८१, पाच हजार. विमा नसला तर १९६, पहिल्यांदा दोन हजार. १८१ आणि १९६ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण बहुतेकदा हे पैशांचे मामले.

१८३, १८४, १८५ आणि १९४ड मात्र वेगळे. वेग, धोकादायक पद्धतीने चालवणं, दारू आणि हेल्मेट. इथे दंडाबरोबर लायसन्सही जातं. हेल्मेटच्या कलमात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र, असं कायद्यातच लिहिलंय. १८४ मध्ये लाल दिवा तोडणं आणि गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं ही दोन्ही येतात, आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना सांगितलं की लाल दिवा, अतिवेग, मोबाइल अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. तीन महिने बालरथ दुसऱ्याने चालवला तर माझी जागा राहील का? तालांव स्कूटरवर मिळाला की बसवर, याने फरक पडत नाही. लायसन्स एकच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या ड्रायव्हर लोकांत दहातल्या नवांना ठाऊक नसते. पैसे भरले म्हणजे प्रकरण मिटलं असं आपण समजतो. कायद्यात त्याला तडजोड म्हणतात, कलम २००. कोर्टाचा फेरा चुकतो हे खरं. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्यात दोन गोष्टी घातल्या. एक, पैसे भरून मिटवलेला गुन्हाही पहिला गुन्हा म्हणून धरला जातो, पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्यांदा केलेले ठरता. दोन, पैसे भरले तरी कलम २०६(४) खालची लायसन्सवरची कारवाई थांबत नाही. म्हणजे हजार-दोन हजार देऊन तुम्ही फक्त कोर्ट टाळता, लायसन्स वाचवत नाही. हे कळलं त्या दिवशी माझा निर्णय पक्का झाला.

चूक खरीच झाली असेल तर भांडू नका. हेल्मेट नव्हतं, तर नव्हतं. माझ्या पुतण्याला मी हेच सांगितलं आणि त्याने मुकाट्याने भरले. कोर्टात खोटं बोलून सुटण्याचा मार्ग मी कुणाला दाखवणार नाही. रोज चाळीस मुलं मागे बसवून मी घाट उतरतो, रस्त्यावरचे नियम कशासाठी आहेत ते मला कुणी शिकवायला नको.

माझ्या बाबतीत चूक नव्हती. गणपतीवर रानफळं टांगतात त्या माटोळीचं सामान घेऊन परतत होतो, मागे कांगलां आणि घागऱ्या या रानफळांची पिशवी बांधलेली. पाऊस झिमझिमत होता. एका जंक्शनवर सिग्नल पिवळा लुकलुकत होता. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करा, दोन्हीकडे बघा आणि जा. मी तसाच गेलो. पलीकडे हवालदाराने हात दाखवला. मी म्हटलं, “सायबा, पिवळो लुकलुकतालो.” तो म्हणाला, “तें कोर्टांत सांग.”

त्या क्षणी काय केलं ते सांगतो, कारण पुढची सगळी केस त्या पाच मिनिटांवर उभी राहिली. हुज्जत घातली नाही. हुज्जत घातली की तालांवात आणखी एक कलम वाढायला वेळ लागत नाही. गाडी बाजूला लावली, फोन काढला आणि सिग्नलचा व्हिडिओ घेतला, दीड मिनिटाचा, एकदाही बंद न करता. आधी लुकलुकणारा दिवा, मग समोरच्या दुकानाची पाटी, मग हवालदार जिथे उभा होता ती जागा. तो पावसामुळे एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा होता. मग तालांवावर वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर आणि कलम बरोबर आहे का ते वाचलं, त्याच्या छातीवरचं नाव लिहून घेतलं. कागदपत्रं फोनमध्ये डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये होती, ती दाखवली. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी चालते, मूळ कागद जवळ हवाच असं नाही.

लायसन्स हातातून घेतलं तर पोचपावती मागा आणि ती कुठल्या कलमाखालची आहे ते वाचा. २०६ मध्ये दोन प्रकारच्या पावत्या आहेत. एका पावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पण १८३, १८४, १८५, १९४ड अशा कलमांसाठी २०६(४) खाली लायसन्स घेतलं तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. पावती खिशात आहे म्हणून स्टिअरिंगवर बसलात तर नवाच गुन्हा होतो.

घरी आल्यावर व्हिडिओ भावाला व्हॉट्सॲपवर पाठवायला निघालो होतो. पाठवा हवा तर, पण मूळ फाइल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा. कापू नका, नाव बदलू नका, फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. फोनमधला व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर त्याबरोबर एक प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा संगणकातल्या जाणकाराने. ते नसेल तर समोरून हरकत येते आणि हातातला पुरावा हातातच राहतो.

व्हिडिओपेक्षाही कामाला आला तो माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. पण अर्ज कसा लिहायचा ते समजून घ्या. “मला तालांव का दिला?” असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण त्या कायद्याने कार्यालयातली नोंद मागता येते, खुलासा नाही. मी तीन ओळी लिहिल्या. अमुक जंक्शनवरचा सिग्नल अमुक तारखेला किती ते किती वेळ लुकलुकता ठेवला होता, त्याची नोंद. तो सिग्नल कुणाच्या ताब्यात आहे, त्याचा कागद. त्या महिन्यातली दुरुस्तीची नोंद. बस. सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. त्या दिवशी दुपारी साडेबारापासून संध्याकाळी पाचपर्यंत सिग्नल लुकलुकता होता. माझा तालांव एक चाळीसचा.

समन्स आलं की घाबरू नका. ते इंग्रजीत असतं, आमच्या बायकोने तर बघूनच देवासमोर ठेवलं होतं. त्यावर कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख आणि कलम असतं. कधी कधी गुन्हा कबूल करून दंड पोस्टाने पाठवा, यायची गरज नाही, असाही पर्याय छापलेला असतो. लढायचं असेल तर तो वापरू नका. लढायचं नसेल तर सोयीचा आहे.

वकील हवाच असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. पण मला इंग्रजीची भीती होती. तालुक्याच्या कायदा सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्याने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकील मोफत मिळतो. बाईमाणसांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांनाही. मला एक तरुण वकील बाई मिळाली. फी म्हणून एक रुपया घेतला नाही आणि व्हिडिओच्या प्रमाणपत्राची सोयही तिनेच केली.

पहिल्या तारखेला साडेनऊला पोचा. दाराबाहेर बोर्ड लागतो, त्यात आपला नंबर बघा. शिपाई नाव पुकारतो तेव्हा आपण चहाला गेलेले असलो तर वॉरंट निघू शकतं. आत गेल्यावर न्यायदंडाधिकारी आरोप वाचून विचारतात, गुन्हा कबूल आहे का. त्या एका प्रश्नासाठी घरून तयारी करून जा. लोक तिथे गडबडतात, “हो साहेब, पण...” म्हणतात आणि त्या “हो”वर दंड होतो. सरळ म्हणा, कबूल नाही. मी कोकणीत बोललो, कुणी हरकत घेतली नाही. समजलं नाही तर समजावून सांगा म्हणून मागता येतं.

दुसऱ्या तारखेला साक्षीदार आला नाही. तिसऱ्या तारखेला हवालदार आला. वकील बाईने त्याला चारच प्रश्न विचारले. कुठे उभे होता? पत्र्याखाली. तिथून सिग्नलची कुठली बाजू दिसते? पाठची. मग दिव्याचा रंग दिसला का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, दिवा दिसला नाही, पण बाकीच्या गाड्या थांबल्या होत्या. चौथा प्रश्न म्हणून तिने माहिती अधिकाराचं उत्तर पुढे केलं, ही नोंद तुमच्याच खात्याची ना? हो. माणूस खोटं बोलला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. चवथीच्या गर्दीत दिवसभर पावसात उभा राहून त्याने अंदाजाने लिहिलं होतं. पण गुन्हा सिद्ध करायला अंदाज पुरत नाही. चौथ्या तारखेला मी निर्दोष सुटलो.

निकाल विरुद्ध गेला असता तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता आलं असतं.

कॅमेऱ्याचा तालांव घरी येतो त्याचं थोडं वेगळं आहे. मेर्शीच्या जंक्शनवर २०२३ पासून कॅमेऱ्याचा सिग्नल आहे, आता अशा नोटिसा नवीन राहिल्या नाहीत. नोटीस मालकाच्या नावे येते. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर त्याचं नाव कळवणं कलम १३३ ने मालकावर बंधनकारक आहे, गप्प बसू नका. फोटो मागा आणि मोठा करून नंबर वाचा. चिखलात शून्य आणि आठ सारखेच दिसतात. २०२१ च्या नियम १६७अ मध्ये अशा यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र आणि आधी इशाऱ्याची पाटी सांगितली आहे, ती होती का ते बघा. वेग किंवा धोकादायक ड्रायव्हिंगचा खटला असेल तर कलम २०९ बघा. जागेवर बजावलेलं नसेल तर चौदा दिवसांत नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स हवं. मात्र नाव-पत्ता सापडणं खरोखर शक्य नव्हतं तर ही सवलत मिळत नाही. आणि व्हॉट्सॲपवर तालांवाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल) आली तर उघडूच नका. गाडीचा नंबर घालून परिवहनच्या सरकारी ई-चलन साइटवर बघा, पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो.

कोर्टातून सुटल्यावर काम संपत नाही. मधल्या काळात मला आरटीओची नोटीस आलीच होती, लायसन्स निलंबित का करू नये म्हणून. कलम १९ खाली म्हणणं ऐकल्याशिवाय निलंबन करता येत नाही, आणि केलं तर तीस दिवसांत अपील आहे. मी केस नंबर लिहून उत्तर दिलं, खटला चालू आहे, निकालापर्यंत थांबावं. ते थांबले. निकाल लागला त्याच दिवशी मी सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज टाकला. आठवड्याने ती मिळाली. एक प्रत आरटीओत दिली आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. एक वाहतूक पोलिसांकडे दिली. साइटवर तरीही तालांव प्रलंबित दिसत होता, आणि प्रलंबित तालांव असला की गाडी नावावर करणं वगैरे कामं अडतात. दोनदा जाऊन आठवण करून दिल्यावर तो निघाला. निघाल्याचा स्क्रीनशॉट मी छापून घेतला, तो आणि कोर्टाची प्रत बालरथाच्या आरसीबरोबर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे.