खर्डा वाचून घ्यायचा कसा? गावात बसून कथा लिहिणाऱ्यांसाठी

कथा लिहून झाली की ती पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न गावात राहणाऱ्याला जरा जास्तच छळतो. शहरात लिहिणाऱ्यांचे कट्टे असतात, कार्यशाळा असतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कोणी लिहितो म्हटलं तर लोक आधी विचारतात, अर्ज लिहितो का? माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्या-खताची गर्दी ओसरली की काउंटरवर बसून मी कथा लिहितो आणि त्यातल्या काही दिवाळी अंकांत आल्या आहेत. छापायला जाण्याआधी त्या प्रत्येकीला चार-पाच जणांनी चांगलं उलटंपालटं करून पाहिलं होतं. इंग्रजीत लिहिणारे अशा लोकांना बीटा रीडर म्हणतात. मी त्यांना पहिले वाचक म्हणतो.

पहिला वाचक म्हणजे संपादक नव्हे आणि मुद्रितशोधकही नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं त्याचं काम नाही. वाचताना त्याचं काय झालं, एवढंच त्याने सांगायचं. कुठे रमला, कुठे मागचं पान पुन्हा काढावं लागलं, कुठे हात मोबाईलकडे गेला. त्याच्या बोलण्यातली अडल्याची जागा तेवढी घट्ट पकडा. ती त्याला बरोबर कळलेली असते. का अडलं आणि काय केलं म्हणजे सुटेल, हे त्याला बहुतेक वेळा कळलेलं नसतं, आणि तो सगळ्यात जोर लावून सांगतो ते नेमकं हेच.

माझ्या एका कथेतली बहीण माहेरच्या शेतावरचा हक्क सोडायला निघते आणि ऐनवेळी फिरते. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरची आहे. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा केला, पण भाऊबिजेच्या ताटाआड हक्कसोडपत्राचा कागद अजूनही पुढे येतोच. तर ही बहीण भावासोबत तालुक्याला येते, कार्यालयाच्या पायरीवर थांबते आणि सही न करता परत जाते. खर्डा तिघांकडे गेला. अमरावतीला कॉलेजात सोबत असलेला मित्र म्हणाला, कार्यालयाचा प्रसंग लांबलाय, अर्धा काप. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "भाऊ, त्या भावाची बाजूच येत नाही. त्याला दोन पानं द्या." शेजारच्या काकूंना वाचता येत नाही, त्यांना मी कथा वाचून दाखवली होती. त्या म्हणाल्या, "चांगली सही कराले निघाली होती ना, मंग पायरीवर तिले एकाएकी काय झालं?"

तिघांनी तीन वेगवेगळी औषधं सांगितली, पण बोट एकाच जागी ठेवलं. मित्राचं ऐकलं असतं तर कथेतला सगळ्यात जिवंत प्रसंग गेला असता. ताईंचं ऐकलं असतं तर बहिणीची कथा भावाची झाली असती. म्हणून मी दोघांचंही बाजूला ठेवलं आणि त्या पायरीपासून मागे मागे वाचत गेलो. कारण दोन पानं अलीकडे सापडलं. भावाने त्या जमिनीवर आधीच कर्ज उचललंय, ही माहिती एका लांबलचक वाक्याच्या पोटात होती आणि तिघांच्याही नजरेतून निसटली होती. कर्जाचं माहीत नसेल तर बहिणीचं थांबणं लहरी वाटतं, प्रसंग रेंगाळल्यासारखा वाटतो आणि भावाचं काहीतरी सांगायचं राहिलंय असंही वाटतं. तिघांच्या तक्रारींचं मूळ एकच होतं. कार्यालयाच्या प्रसंगाला मी हात लावला नाही. त्याच्या आधी एक छोटा प्रसंग घातला. ती सातबारा काढते, इतर अधिकारांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा पाहते आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवते, बोलत काहीच नाही. पुढच्या फेरीत पायरीवर कोणीही अडलं नाही.

म्हणून माझी पद्धत अशी, की कोणी उपाय सांगायला लागला तर त्याला थांबवायचं नाही, पण वहीत उपायाच्या आधी ओळ लिहायची. "कुठल्या ओळीपाशी असं वाटलं?" एवढंच विचारायचं. एकापेक्षा जास्त जण एकाच जागी अडले तर तिथे किंवा त्याच्या मागे काहीतरी नक्की आहे. एकटाच कोणी अडला असेल तर ती बहुधा आवडीनिवडीची गोष्ट असते. अपवाद जाणकाराचा.

जाणकार हा वेगळा वाचक आहे आणि त्याला पूर्ण कथा द्यायची गरज नसते. वरच्या कथेसाठी मी तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाला फक्त कार्यालयाची पानं दिली आणि वरून चहा. अशा कथांमध्ये तलाठ्यासमोर सही झाली आणि हक्क सुटला, असं बरेच जण लिहितात. तसं नसतं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि तलाठ्याकडे फेरफाराचं काम त्यानंतर येतं. कोण कुठे उभं राहतं, साक्षीदार कधी पुढे बोलावतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? एका नव्या मुलाने मला त्याचा खर्डा वाचायला दिला होता. भाषा सुरेख, पण पोळ्याच्या दिवशी बाया वावरात कापूस वेचत होत्या. कोरडवाहू कापूस दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुटतो, पोळ्याला तर बोंडंही धड धरलेली नसतात. शहरातला वाचक हे सहज ओलांडून गेला असता. इकडचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो आणि पुढच्या कशावरही विश्वास ठेवत नाही. असा एकटा माणूस अडला तरी त्याचं ऐकायचं.

वाचक शोधायला वाचनालयाच्या ग्रंथपालाइतका उपयोगी माणूस नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं आपल्या तालुक्यात असतातच. ‘ड’ वर्गाचं असलं, दोन कपाटांचं असलं, तरी कोण पुस्तक नेतं आणि कोण वाचून परत आणतं हे तिथल्या माणसाला पाठ असतं. मला लिहिणारे नकोत, वाचून संपवणारे हवेत, असं सरळ सांगा. लिहिणारा माणूस तुमच्या कथेत आपली कथा लिहायला बसतो. (मीही बसतो, म्हणून सांगतोय.) घरच्यांना शेवटी द्या. त्यांना कथा दिसत नाही, तुम्ही दिसता. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सोडू नका. ऐकणारा खोटं कौतुक करत असला तरी ऐकण्याचं सोंग त्याला जमत नाही. काकूंनी तांदूळ निवडताना अडखळून हात थांबवला की मी समासात फुली मारतो. त्या मधेच "दूध उतू जाते काय पाहून येतो" म्हणून उठल्या तर त्या परिच्छेदाभोवती गोल.

चार-पाच वाचक पुरेत, पण सगळे एकाच वेळी नकोत. पहिल्या वाचनाचा माणूस एकदाच वापरता येतो. दुसऱ्यांदा वाचताना त्याला शेवट माहीत असतो. निम्मे आधी, दुरुस्तीनंतर उरलेले. सगळ्यांचा मिळून व्हॉट्सअॅप ग्रुप तर अजिबात करू नका. पहिला "लय भारी" म्हणाला की बाकीचे अंगठे दाखवून मोकळे होतात.

"कशी वाटली?" असं विचारलं की "छान" हेच उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग नाही. मी वाचण्याआधी काहीच विचारत नाही, नाहीतर माणूस परीक्षेला बसल्यासारखा वाचतो. वाचून झाल्यावर विचारतो, गोष्ट मला सांगा पाहू. तो सांगताना जे गाळतो ते कथेत नीट बसलेलं नाही, आणि जे स्वतःचं घालतो ते त्याला हवं होतं. मग विचारतो, कोणाचा राग आला? कोणाचं नाव आठवत नाही? पुढे काय होईल असं कुठे वाटलं, आणि ते झालं का? तेवढ्यात तुमच्या तोंडून "नाही, त्याचा अर्थ असा होता की..." असं निघालं तर जीभ चावा. छापलेल्या कथेसोबत समजावून सांगायला तुम्ही जाणार नाही आहात.

बोलीचा प्रश्न आपल्याला टळत नाही. माझं निवेदन प्रमाण मराठीत असतं, माणसं वऱ्हाडी बोलतात. पुण्याचा वाचक ‘वावर’, ‘ढोरकी’, ‘पऱ्हाटी’ या शब्दांखाली रेघा मारून पाठवतो. शब्द कळला नाही पण गोष्ट पुढे गेली, तर मी तो तसाच ठेवतो. गोष्ट त्या शब्दावरच उभी असेल, म्हणजे पात्र ‘सालदार’ आहे हे कळल्याशिवाय त्याचं गप्प राहणं कळणार नसेल, तर वर्षाच्या बोलीवर कामाला राहिल्याचं त्याच्याच तोंडून किंवा मालकाच्या हिशेबातून येऊ द्यायचं. तळटीप देऊ नका, ती कथेचा श्वास तोडते. पूर्वेकडचा, भंडारा-गडचिरोलीकडचा एखादा वाचकही असावा. तिकडे धानाचा मुलूख, झाडीबोली. वऱ्हाडाबाहेर पडलं की आपला शब्द विदर्भातसुद्धा कुठवर पोचतो ते कळतं.

एका गोष्टीकडे नवे लेखक लक्ष देत नाहीत आणि मग गावात तोंड लपवत फिरतात. गावातला वाचक पात्रात माणूस शोधतो. "हा तं थोच ना, टेकडीखालच्याचा पोरगा?" असं एकाने म्हटलं तर हसून सोडा. दुसऱ्यानेही तेच नाव घेतलं तर नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा बदला, भावंडांची संख्या बदला, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला न्या. कथेचं त्यात सहसा काही बिघडत नाही, उलट पात्र तुमच्या जास्त ताब्यात येतं.

पाठवण्याचं जरा सांगतो. युनिकोडमध्ये टाइप करा, डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या फोनवर नीट उमटत नाही. पीडीएफ लहान पानावर आणि मोठ्या अक्षरात करा. गुगल डॉक्स देणार असाल तर फक्त टिप्पणीची परवानगी द्या, नाहीतर कोणीतरी तुमचं वाक्य ‘सुधारून’ ठेवतो. पन्नाशीपुढच्या वाचकाला सरळ झेरॉक्स द्या, समास रुंद सोडून. टायपायचा कंटाळा असणाऱ्यांना ध्वनिसंदेश पाठवायला सांगा, त्यात आवाज कुठे उत्साही होतो तेही कळतं. खर्डा फेसबुकवर मात्र टाकू नका. दिवाळी अंक आणि स्पर्धांना बहुधा अप्रकाशित कथा हवी असते, आणि भिंतीवर टाकलेलीही प्रकाशितच धरली जाऊ शकते.

वेळ शेतीच्या हिशेबाने ठरवा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे, आणि संपादक साहित्य मागतात ते ऐन पावसाळ्यात. मृग लागला की आपल्याकडे कोणी कोणाचं वाचत नाही, मीही दुकानातून हलू शकत नाही. तूर-हरभरा घरात आला की पहिली फेरी, लग्नसराईच्या फटींत दुसरी. दोन आठवड्यांची मुदत सांगा, एकदाच आठवण करा. तरीही उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा, फक्त रागावून विचारायला जाऊ नका.

थांबायचं कधी, हे वहीच सांगते. पहिल्या फेरीत फुल्या एकाच जागी गर्दी करतात. दुरुस्तीनंतर त्या विखुरतात, एकाची तिसऱ्या पानावर, दुसऱ्याची शेवटच्या ओळीवर, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. अशी पानं दिसली की मी आणखी वाचक शोधत नाही, कथा संपादकांना पाठवून देतो.