ड्युअल-स्पोर्टवरून मिडलवेट अ‍ॅडव्हेंचर बाइकवर येताना पाय आवरा, आणि या चुका टाळा

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे रस्त्यावर आणि मातीतही चालणारी हलकी बाइक, मिडलवेट अ‍ॅडव्हेंचर म्हणजे सामान लादून लांब न्यायची तिच्याहून जड बाइक. कागदावर फरक फारसा दिसत नाही. ड्युअल-स्पोर्ट होंडा सीआरएफ ३०० एलची सीट ८८० मिलिमीटर उंच, अ‍ॅडव्हेंचर यामाहा टेनेरे ७०० ची ८७५. म्हणजे नवी गाडी उलट किंचित बुटकीच. तरीही जुन्या गाडीवर निवांत उभा राहणारा माणूस नवीवर पहिल्याच आठवड्यात कलंडतो, तोही जागच्या जागी. मीही पार्किंगमध्येच आडवा झालो होतो, आणि बघायला माणसं भरपूर होती.

याचं कारण सीटच्या उंचीत नाही. मोठ्या गाडीची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि पाय तेवढे खाली पोचत नाहीत. शिवाय वजन: सीआरएफ १४२ किलो, टेनेरे २०५ च्या आसपास, त्यात १६ लिटरची टाकी वरच्या बाजूला. हलक्या गाडीचा तोल गेला तर एक पाय रोवून ती सावरता येते. ही गाडी थोडी जास्त कलली की सावरत नाही, आणि हट्टाने सावरायला गेलात तर कंबर किंवा गुडघा दुखावतो. अशा वेळी सरळ सोडून द्या आणि बाजूला व्हा. क्रॅश गार्ड त्यासाठीच असतात.

पाय टाकायची सवय

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दगडगोट्यांतून पाय टेकत टेकत जाणं, वळणावर पाय पुढे काढणं, हे ड्युअल-स्पोर्टवर चालून जातं. इथे मागे पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या पेट्या असतात. टेकलेला पाय जमिनीवर अडकतो, गाडी पुढे सरकते आणि पेटी पोटरीवर किंवा घोट्यावर येते. धातूच्या पेट्या असतील तर हाड मोडू शकतं. कच्च्या रस्त्यावरच जास्त जाणार असाल तर कापडी पॅनियर घ्या. दिसायला तेवढे रुबाबदार नसतात, पण पाय शाबूत राहतो.

मग संथ वेगात तोल धरायचा कसा? फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहा, पहिला गिअर, थ्रॉटल स्थिर, क्लच अर्धवट आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. मोकळ्या मैदानात सामान उतरवून गोल आणि आठचे आकडे मारा, रोज पंधरा मिनिटं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढू नका. थांबता थांबता गाडी पडण्याचं हे नेहमीचं कारण. आणि थांबायची जागा आधीच हेरा. उतार आडवा असेल तर पाय चढाच्या बाजूला टेकेल असं बघा.

पडलीच तर आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाईल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला टेका, एका हाताने ग्रिप आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरा, मग पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. पाठीतून वाकून उचलायला जाऊ नका.

जुन्या गाडीची हवा

हलक्या गाडीत टायरमध्ये १५ पीएसआय हवा ठेवली की मातीत मजा येते. तेवढ्याच हवेवर ही गाडी दगडावर आपटली तर रिम चेपते आणि ट्यूब फाटते. ट्यूबमध्ये शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती. खडीवर पंचविशीच्या आसपासपासून सुरुवात करून बघा. डांबरावर परतलात की मॅन्युअलमधला आकडा.

हायवेवर गाडी डुलते

ही तक्रार आली की बहुतेकजण टायरला दोष देतात. नॉबी (मातीसाठीच्या मोठ्या गुठळ्यांच्या) टायरने थोडं डुलणं होतंच, पण आधी सामान बघा. टॉप बॉक्समध्ये जड वस्तू भरल्या की मागची बाजू दबते, पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी डुलायला लागते. जड सामान खाली आणि पुढे घ्या. मग सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते मोजा: चाक हवेत लटकत असताना एक्सलपासून शेपटीपर्यंतचं अंतर, आणि सामानासकट तुम्ही बसल्यावरचं अंतर. मागच्या चाकाची वर-खाली हलण्याची एकूण मर्यादा २०० मिलिमीटर असेल तर दोन्हींतला फरक ६० ते ७० हवा. जास्त असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब वाढवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची बसण्याची उंची बदलते. तो पूर्ण वाढवूनही जमत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागेल.

तरीही डुलते? पुढचं चाक उचलून फोर्क खालून पुढे-मागे हलवा. खट जाणवलं तर स्टिअरिंगचं बेअरिंग ढिलं आहे. आणि चालत्या गाडीत हे झालं तर हँडल आवळून धरू नका, थ्रॉटल हळूच कमी करा.

बाकीचं

उभं राहून चालवताना कंबर दुखते म्हणून हँडल रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावलेत, तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. ब्रेकचा होज किंवा वायर ताणली जाता कामा नये. क्लचचा जळका वास आला, किंवा आरपीएम चढूनही वेग वाढेना, तर थांबून गाडी गार होऊ द्या. क्लच घसरू नये म्हणून ऑइल जासो एमए किंवा एमए२ या मोटरसायकलच्या मानकाचंच हवं. सुट्या खडीवर उतरताना मागचा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करणार असाल तर लक्षात ठेवा, अनेक गाड्यांत किल्ली फिरवली की तो परत चालू होतो.

आणि मागचं चाक एकदा घरी काढून बघा. सोबत आलेल्या पान्यांनी एक्सलचा नट सुटतो का, सेंटर स्टँड नसेल तर गाडी कशावर उभी करायची, हे तिथेच कळू दे. ट्यूब एकच नेणार असाल तर पुढच्या चाकाची २१ इंची न्या. अडीअडचणीला ती मागच्या १८ इंची टायरमध्येही कोंबता येते.