मेन पोरगा जखमी झाला की कॉलेज टीम करतात त्या चुका

दरवर्षी इंटरकॉलेज मॅचेसच्या तोंडावर सोलापुरातल्या एखाद्या तरी बास्केटबॉल टीमचा गार्ड घोटा मुरगळून बसतो आणि पुढं तोच गोंधळ होतो, म्हणून एकदाचं लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याच्या जागी "तसाच" पोरगा शोधणं. माझ्याच हातून झालीय. सेमीफायनलच्या दोन दिवस आधी आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारा पोरगा, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेऊन खाली येताना दुसऱ्याच्या पायावर पडला. मी फर्स्ट इयरच्या पोराला, ड्रिबल चांगला होता त्याचा, सांगितलं की आता त्याचं सगळं काम तुझं. समोरच्यांना बातमी लागलेलीच होती, त्यांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आमच्याच बास्केटपासून अंगावर येऊन अडवायला लागले, ८ सेकंदात बॉल हाफच्या पुढं न्यायचा तर हे पोरगं साइडलाइनला कोंडलं जायचं आणि बाकीचे चौघं पुढं जाऊन नुसते बघत उभे. हरलो. पोरगं आठवडाभर प्रॅक्टिसला आलं नाही, आणि चूक त्याची नव्हतीच.

तेव्हापासून मी काम वाटून देतो. बॉल वर आणायला दोघं, उंच पोरगा हाफ लाइनपाशी मागं येऊन पास घेणार, प्ले (कुठली चाल खेळायची ते) बोलणार तिसराच. प्रॅक्टिसला पाच जणांवर सहा जण सोडतो, रोज २० मिनिटं. आणि घाईत शॉट नको, शॉट मारायला २४ सेकंद दिलेत ते वापरायला दिलेत.

चोळणं बंद करा! कोर्टवर कोणीतरी मोठा माणूस येतो, तेल लावून घोटा ओढतो, सूज दुप्पट. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर त्याच दिवशी एक्सरे.

गुडघ्यात कट्ट आवाज येऊन लगेच सूज आली तर सरळ हाडाच्या डॉक्टरकडं. एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं तर ९ महिने मॅचचं नाव काढू नका.

"सर, आता दुखत नाही" यावर विश्वास ठेवू नका. आमचाच एक पोरगा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांच्या वाटेनं चालून आला आणि म्हणाला पाय ओके आहे. अहो, सरळ चालणं वेगळं, कट मारणं, पळता पळता एकदम दिशा बदलणं, वेगळं! दुसऱ्या दिवशी लेअपला (बास्केटजवळ उडी मारून बॉल टाकताना) तोच घोटा परत गेला. मी आता त्या एका पायावर २० उड्या, मग झिगझॅग पळणं, मग दोन दिवस पूर्ण प्रॅक्टिस, एवढं बघितल्याशिवाय टीममध्ये घेत नाही, कितीही रडू दे. पेनकिलर खाऊन खेळणारा तर मला बेंचवरसुद्धा नको.

जखमी पोराला घरी बसवणं हीपण चूकच. आमच्या त्या गार्डला पुढच्या मॅचला मी बेंचवर शेजारी बसवलं, हातात वही दिली, समोरच्यांचे फाउल मोजायला. तिसऱ्या क्वार्टरला तो बेंचवरूनच ओरडला, "चार झाले, आता आत घुसा!" पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो मिळणार होते, आणि बॉल त्या फर्स्ट इयरच्या पोराच्या हातात होता, तो घुसला.