युरोपीय संघाकडे मूळ कागद कसा मागावा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या अनेक मराठी घरांतली मुले आज जर्मनीत, नेदरलँड्समध्ये राहतात, आणि ‘ब्रुसेल्सने’, म्हणजे युरोपीय संघाने, ‘नवा नियम केला’ अशा बातम्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन धडकतात. अशी बातमी पुढे धाडण्याआधी किंवा तिने घाबरून जाण्याआधी मूळ कागद मागवावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी निर्णय कोणाचा, ते ठरवावे. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांत थोड्या दिवसांसाठी जाण्याच्या सामाईक परवान्याचे) नियम संघाचे असले, तरी अर्जाचा निकाल संबंधित देशाची वकिलात देते. नकारपत्रात कारण लिहिलेले असते आणि अपील त्याच देशाकडे करायचे असते. तिथे ब्रुसेल्सला पत्र लिहून वेळ घालवू नये.

विषय खरोखर संघाचा असेल, तर तिथे राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने संघाच्या संबंधित संस्थेकडे २००१ च्या १०४९ क्रमांकाच्या नियमाखाली, म्हणजे संघाच्या संस्थांचे कागद मागण्याचा हक्क देणाऱ्या नियमाखाली, अर्ज करावा. त्यासाठी तिथले नागरिकत्व लागत नाही, वास्तव्य पुरते. आपल्या माहितीच्या अधिकाराप्रमाणेच इथेही कारण सांगावे लागत नाही. अर्ज संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी एकीत लिहावा. इंग्रजी त्यांत आहे. ‘या धोरणाविषयी माहिती द्या’ असे मोघम लिहिले, तर उत्तरही मोघमच येते. म्हणून विषय, अंदाजे तारीख आणि कोणत्या विभागाचा कागद हवा, हे नेमके लिहावे, आणि मिळालेली पोच जपून ठेवावी, कारण पुढच्या मुदती नोंदणीच्या तारखेवरून मोजल्या जातात.

उत्तर कामकाजाच्या १५ दिवसांत यायला हवे. अपवादात्मक प्रसंगी तितकीच मुदतवाढ घेता येते. नकार आला, तर कामकाजाच्या १५ दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज करावा. उत्तरच आले नाही, तरी तो हक्क राहतो. त्यानंतरही दाद लागली नाही, तर युरोपीय लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र आधी त्या संस्थेशी पत्रव्यवहार केलेला असावा आणि घटना कळल्यापासून दोन वर्षे उलटलेली नसावीत.

कागद हाती आला, की त्यातला संबंधित परिच्छेद मराठीत उतरवून, क्रमांक आणि तारखेसह, ज्या गटात बातमी आली होती त्याच गटात टाकावा.