जुन्या युद्धफोटोतला ब्रिटिश रणगाडा आणि शिपाई कसा ओळखावा

दुसऱ्या महायुद्धातला फोटो हातात आला की नजर आधी तोफेवर जाते, आणि तिथेच फसगत होते. एकाच रणगाड्यावर नंतर वेगळी तोफ बसायची. चाकांची मांडणी सहसा तीच राहायची. म्हणून सुरुवात खालून करा.

१. फोटो मोठा करून एका बाजूची चाकं मोजा. पाच मोठी, एकसारखी चाकं असतील तर क्रूसेडर किंवा क्रॉमवेल. क्रॉमवेलचा टरेट (तोफ बसवलेला, वरचा फिरता भाग) खोक्यासारखा, त्यावर बोल्टांची ठळक डोकी. क्रूसेडरचा कोनाकोनांचा, उतरता. सहा चाकं, पहिलं-शेवटचं मोठं आणि मधली चार लहान, तर व्हॅलेंटाईन. अकरा बारकी चाकं आणि सगळ्या अंगाला वळसा घालणारा पट्टा म्हणजे चर्चिल. चाकं जाड पत्र्याआड दडलेली असतील तर बहुधा मॅटिल्डा. दोन-दोन चाकांच्या तीन जोड्या दिसल्या तर शर्मन किंवा ग्रँट. दोन्ही अमेरिकी, पण ब्रिटिशांनी भरपूर वापरलेले. ग्रँटच्या उजव्या कुशीतून वेगळी तोफ डोकावते.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल उभे आहेत. तिथे एकदा वाकून चाकं मोजा, मग पुस्तक लागत नाही.

२. फोटो उलटा छापलाय का, ते बघा. ही पायरी बरेच जण गाळतात. बॅटलड्रेसच्या, म्हणजे ब्रिटिश शिपायाच्या लोकरी लढाऊ गणवेशाच्या, पँटला नकाशाचा मोठा खिसा डाव्या मांडीवर असतो आणि मलमपट्टीचा छोटा खिसा उजवीकडे, कमरेखाली. अदलाबदल दिसली तर निगेटिव्ह उलटी लागलीय.

३. आता काळ. बॅटलड्रेसच्या जॅकेटच्या खिशांची बटणं उघडी दिसली तर फोटो १९४२ च्या आधीचा नसावा; १९३७ च्या नमुन्यात ती झाकलेली असत. बटणं झाकलेली असली म्हणून मात्र फोटो जुना ठरत नाही, जुने कपडे शेवटपर्यंत वापरात होते.

४. टरेटवरची खूण: त्रिकोण म्हणजे ए स्क्वाड्रन (रेजिमेंटमधली रणगाड्यांची तुकडी), चौकोन बी, वर्तुळ सी. कृष्णधवल फोटोत खुणेच्या रंगावर पैज लावू नका. ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल प्रकाश न टिपणाऱ्या, फिल्मवर लाल रंग काळपट उतरतो.

५. दंडावर तीन फिती दिसताच ‘सार्जंट’ लिहून मोकळे होऊ नका. इटलीत भारतीय सैन्यातली मराठा लाइट इन्फंट्रीही बॅटलड्रेसमध्येच लढली. तिथे त्याच तीन फिती म्हणजे हवालदार.