इंग्रजीच्या परीक्षेत स्लँग वापरले तर गुण जातात का? आयेल्ट्स देणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

इंग्रजीच्या परीक्षेत स्लँग, म्हणजे गप्पांतले सैल शब्द, वापरल्याने गुण कापले जातात का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे सल्ले विद्यार्थ्यांचे नुकसान करतात. ‘हो’ असे ऐकलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेतही छापील पुस्तकासारखा बोलू लागतो आणि ‘नाही’ असे ऐकलेला विद्यार्थी निबंधात मित्राशी चॅट केल्यासारखे लिहून येतो. या प्रश्नाचे उत्तर त्या त्या परीक्षेच्या गुणांकनाच्या निकषांत शोधावे लागते. परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी महाराष्ट्रातील अनेक जण आयेल्ट्स ही इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा देतात. या परीक्षेचे निकष सर्वांना वाचण्यासाठी खुले आहेत आणि तिच्यात औपचारिक निबंधापासून साध्या संभाषणापर्यंत भाषेचे बहुतेक प्रकार येतात, म्हणून येथे तीच परीक्षा समोर ठेवली आहे.

गुण नेमके कुठून जातात

आयेल्ट्सच्या लेखन चाचणीला ६० मिनिटे असतात. पहिल्या टास्कमध्ये किमान १५० शब्द आणि दुसऱ्या टास्कमध्ये किमान २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो, आणि निबंधाचे वजन पहिल्या टास्कच्या दुप्पट असते. प्रत्येक टास्क चार निकषांवर तपासला जातो: विचारलेल्या गोष्टीला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसूत्रता, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही निकषांचे वजन सारखे असते. ‘स्लँगचा एक शब्द, अर्धा गुण वजा’ असा नियम यांत कोठेही नाही. परीक्षक शब्द मोजून गुण कापत नाही, तर संपूर्ण लेखन वाचून ते कोणत्या बँडच्या, म्हणजे शून्य ते नऊ या गुणश्रेणीतील पायरीच्या, वर्णनाशी जुळते हे ठरवतो.

तरीही स्लँगची किंमत मोजावी लागते, आणि ती प्रामुख्याने शब्दसंपदेच्या निकषात. या निकषात शब्दांची विविधता, नेमकेपणा आणि स्पेलिंग यांच्याबरोबरच लेखनशैलीचे भान पाहिले जाते. सात बँडच्या वर्णनात या भानाचा उल्लेख स्पष्टपणे आहे. एखादाच सैल शब्द निसटला तर काही बिघडत नाही. पण निबंधभर तसाच सूर राहिला, तर लिहिणाऱ्याला दुसरा सूर येतच नाही असे दिसते. शब्दसंपदेत एक बँड घसरला की त्या टास्कची सरासरी पाव बँडने खाली येते. ऐकायला हे किरकोळ वाटते, परंतु कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतर योजनेत सीएलबी (कॅनडाची भाषा मोजण्याची श्रेणी) ९ ची पातळी दाखवण्यासाठी लेखनात ७ बँड लागतो, आणि साडेसहा व सात यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या उमेदवारासाठी पाव बँडही मोठा असतो.

‘मार्क्स मेसेजच्या भाषेमुळे गेले’ असे जे म्हटले जाते, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. पूर्ण शब्दाऐवजी एकच अक्षर लिहिणे किंवा शब्दातले स्वर गाळणे ही परीक्षकाच्या दृष्टीने थेट स्पेलिंगची चूक आहे; तिथे शैलीचा प्रश्नच येत नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली याच मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. उत्तरातून विषयाची समज स्पष्ट दिसत असेल तर मोबाइलच्या लघुरूपांमुळे श्रेय नाकारले जाणार नाही, अशी भूमिका तेथील परीक्षा प्राधिकरणाने घेतली. मात्र जेथे भाषेचा चांगला वापर हीच परीक्षा आहे, तेथे ही मुभा नव्हती. इतिहासाच्या उत्तरात जे चालू शकते ते इंग्रजीच्या उत्तरात का चालत नाही, हे यावरून लक्षात येते.

निबंधातील एक वाक्य

मुले आणि मोबाइल हा विषय घ्या. ‘किड्स दीज डेज आर टोटली हुक्ड ऑन देअर फोन्स अँड इट्स सुपर बॅड’ असे वाक्य अनेकांच्या कच्च्या निबंधात सापडते. ते समजत नाही असे नाही. पण ‘किड्स’ आणि ‘टोटली हुक्ड’ हे शब्द गप्पांत शोभतात, आणि ‘सुपर बॅड’ या शब्दांतून नेमके काय वाईट आहे याचा काहीच पत्ता लागत नाही. आता हे वाक्य पाहा: ‘मेनी चिल्ड्रन स्पेंड सो मच टाइम ऑन देअर फोन्स दॅट देअर स्लीप सफर्स’. यातला एकही शब्द अवघड नाही. शाळेतल्या मुलालाही ते सगळे ठाऊक असतात. तरीही दुसरे वाक्य सरस ठरते, कारण त्यात ‘वाईट’ म्हणजे काय ते सांगितले आहे. माझ्या मते निबंधातल्या स्लँगचे खरे नुकसान हेच आहे: ते विचार पूर्ण करण्याआधीच वाक्य संपवू देते, आणि मग शब्दसंपदेबरोबर युक्तिवादही कमकुवत होतो.

म्हणून सैल शब्द बदलताना त्याच्या जागी ‘भारी’ शब्द बसवण्याचा मोह टाळा. ‘अ लॉट ऑफ’ खोडून ‘प्लेथोरा’ (रेलचेल) लिहायचे आणि तो नको तिथे बसवायचा, ही सवय स्लँगइतकीच महाग पडते, कारण शब्दाशेजारी कोणता शब्द शोभतो हेही त्याच निकषात तपासले जाते. ‘अ लॉट ऑफ’मुळे कोणाचा बँड जात नाही. अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत, म्हणजे आयेल्ट्सच्या उच्च शिक्षणासाठीच्या प्रकारात, आलेखाचे वर्णन करताना ‘स्कायरॉकेटेड’ (गगनाला भिडला) यासारखे बातम्यांतले शब्द वापरतानाही हाच विवेक हवा, आकडा ४० वरून ४४ वर गेला असेल तर ‘रोज स्लाइटली’ (किंचित वाढला) हेच बरोबर उत्तर आहे.

पत्रात मात्र मोकळेपणा हवा

जनरल ट्रेनिंगच्या, म्हणजे मुख्यतः स्थलांतर आणि नोकरीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रकाराच्या, पहिल्या टास्कमध्ये पत्र लिहावे लागते, आणि सुराचा प्रश्न सर्वांत जास्त येथेच येतो. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या पेपरात औपचारिक किंवा अनौपचारिक पत्र यांपैकी एक निवडता येते, त्यामुळे अनेक विद्यार्थी एकाच प्रकाराचा सराव करतात आणि दुसरा सोडून देतात. आयेल्ट्समध्ये अशी निवड नसते. जे पत्र समोर येईल ते लिहावे लागते. शिवाय पत्राच्या बाबतीत सूर हा शब्दसंपदेपुरता मर्यादित राहत नाही. पहिल्याच निकषात, म्हणजे विचारलेले काम पूर्ण केले की नाही हे पाहताना, सात बँडसाठी सूर योग्य आणि शेवटपर्यंत एकसारखा असणे अपेक्षित आहे, आणि सहा बँडच्या वर्णनात सुरातील विसंगतीचा उल्लेख आहे. चुकीच्या सुराचा फटका येथे दोन ठिकाणी बसू शकतो.

सूर ओळखण्याची सर्वांत सोपी खूण प्रश्नपत्रिकेतच असते. पत्राची सुरुवात कशी करायची ते दिलेले असते. ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर वाचणारा अनोळखी आहे. तेव्हा पूर्ण रूपे लिहा, विनंती सभ्य शब्दांत करा आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहा. मित्राला पत्र लिहायला सांगितले असेल, तर ‘आय अ‍ॅम रायटिंग टू इन्फॉर्म यू’ अशी सुरुवात करणे ही सुराची चूकच आहे, आणि ही चूक आपल्याकडे स्लँगपेक्षा जास्त होते. मित्राला ‘आयम सॉरी आय हॅवन्ट रिटन फॉर एजेस’ असेच लिहावे. संक्षिप्त रूपे, साधी क्रियापदे आणि थोडी थट्टा येथे शोभते. ‘ब्रो’ किंवा ‘ड्यूड’ लिहिले म्हणून कोणी शिक्षा करणार नाही, पण त्यांनी इंग्रजी चांगले येते हेही सिद्ध होत नाही. १५० शब्दांच्या पत्रात ती जागा दुसऱ्या कशाला तरी द्यावी. शेजारी, घरमालक किंवा ओळखीचे वरिष्ठ यांना लिहायचे पत्र या दोहोंच्या मधले असते, आणि त्याचाच सराव सर्वांत जास्त करावा लागतो.

एक विशेष सूचना आपल्या भारतीय इंग्रजीबद्दल. ‘काइंडली डू द नीडफुल’ किंवा ‘आय अ‍ॅम आउट ऑफ स्टेशन’ हे आपल्या कार्यालयांत अत्यंत औपचारिक समजले जाते, त्यामुळे ते स्लँग आहे अशी शंकाही कोणाला येत नाही, आणि ते स्लँग नाहीही. पण भारताबाहेरच्या वाचकाला ते अनोळखी किंवा जुनाट वाटू शकते. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ वाचून तर तुम्ही बेशुद्ध पडलात असा त्याचा समज होऊ शकतो. ‘नीडफुल’ऐवजी काय करून हवे आहे ते सरळ लिहा: नळ या आठवड्यात दुरुस्त करून द्यावा, अनामत रक्कम परत करावी. तक्रार त्यामुळे अधिक ठाम होते.

तोंडी परीक्षेत

बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते आणि ती एका परीक्षकाशी होणारे संभाषण असते. येथे ‘येस’ऐवजी ‘या’, ‘गोइंग टू’ऐवजी ‘गॉना’, ‘वॉन्ट टू’ऐवजी ‘वॉना’ असे उच्चार बोलण्याच्या ओघात आले तर चिंता करू नका. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष येथे आहेत, आणि जपून जपून, प्रत्येक शब्द तोलत बोलणाऱ्याचा ओघ हमखास तुटतो. फक्त चाचणीच्या तीन भागांपैकी तिसऱ्यात प्रश्न व्यक्तिगत न राहता समाज, शिक्षण, शहरे अशा विषयांकडे वळतात, तेव्हा ‘स्टफ’ आणि ‘थिंग्ज’ यांवर भागवू नका.

बोलण्याच्या निकषांत ‘इडिओमॅटिक’ हा शब्द येतो, आणि त्याचा चुकीचा अर्थ लावून अनेक जण वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करतात. मग पावसाचा विषय निघताच ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ बाहेर पडते. अपेक्षा त्याची नसते. इंग्रजी बोलणारे लोक जसे शब्द सहज जोडून वापरतात, तसे वापरता येणे एवढाच त्याचा आशय आहे. ‘आय ग्रू अप इन अ स्मॉल टाउन’ हे त्या कसोटीला उतरते.

सराव कसा करावा

आपण लिहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी फक्त शब्दांसाठी वाचा. व्याकरण आणि मुद्दे यांकडे त्या वेळी पाहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण जसा वापरतो तसा वाटणारा प्रत्येक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. मग केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ऑनलाइन शब्दकोशात तो शोधा. या शब्दकोशांत अनौपचारिक, स्लँग, औपचारिक, जुना अशा खुणा शब्दापुढे दिलेल्या असतात आणि ते विनामूल्य पाहता येतात. ‘किड’पुढे अनौपचारिक ही खूण दिसेल, ‘चाइल्ड’पुढे अशी कोणतीच खूण दिसणार नाही. ज्याच्यापुढे खूण नाही तो शब्द निबंधात निर्धास्त वापरा. याद्यांपेक्षा ही सवय कितीतरी उपयोगी आहे, कारण परीक्षेत कोणता शब्द आठवेल हे आधी सांगता येत नाही.

त्याचबरोबर एकच प्रसंग तीन पत्रांत लिहून पाहा. उदाहरणार्थ, लग्नासाठी आठवडाभर गावी जायचे आहे: मैत्रिणीला, ओळखीच्या वरिष्ठांना आणि अनोळखी महाविद्यालयीन कार्यालयाला. मजकूर तोच, सूर तीन. पत्रे शेजारी ठेवून वाचली की कोणते वाक्य चुकीच्या पत्रात शिरले आहे ते लगेच दिसते. संगणकावर परीक्षा देणार असाल, तर पडद्यावर शब्दसंख्या दिसते पण स्पेलिंग दुरुस्त करून मिळत नाही, म्हणून घरचा सरावही स्वयंचलित दुरुस्ती बंद करूनच करावा.

परीक्षेच्या दिवशी शेवटची तीन-चार मिनिटे राखून ठेवा. पत्राची सुरुवात आणि शेवट एकमेकांशी जुळतात का ते आधी पाहा, मग निबंधातली संक्षिप्त रूपे पूर्ण करा, आणि त्यानंतर वेळ उरला तरच एखादा सैल शब्द बदला. बदलण्यासाठी नेमका शब्द आठवला नाही, तर साधा शब्द जसा आहे तसाच राहू द्या.